आयर्विन पुलाची कमान, ठिपक्यांची रांगोळी आणि नववी-दहावीचं बीजगणित

कृष्णाकाठ (धागाकर्ती) | रविवार, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यात, पलूसकडच्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. तीन वर्षांपासून वर्गात एक उपक्रम चालू आहे. मुलांनी स्वतःच्या आवडीचं चित्र काढायचं, पण चित्रातली प्रत्येक रेघ कुठल्या ना कुठल्या समीकरणाचा आलेख असली पाहिजे. हाताने ओढलेली एकही रेघ चालत नाही. आधी आलेख कागदावर, मग शाळेच्या संगणकावर डेस्मॉस किंवा जिओजेब्रा (आलेख काढून देणारी साधनं) उघडून. (पुस्तकात चलांना इंग्रजी अक्षरं आहेत, इथे मी क्ष आणि य लिहिते.)

याची गरज का वाटली ते सांगते. नववीतली बहुतेक मुलं य = ३क्ष + २ चा आलेख बिनचूक काढतात. तीन किमतींची सारणी, तीन बिंदू, पट्टी, रेघ, झालं. पण "यातला ३ काढून ५ केला तर रेघ कशी बदलेल?" असं विचारलं की वर्ग गप्प. समीकरण आणि रेघ यांची ओळखच झालेली नसते. मधली सारणी तेवढी पाठ झालेली असते.

पहिल्या वर्षी एका मुलाला सांगलीचा, कृष्णेवरचा आयर्विन पूल काढायचा होता. कमानीसाठी त्याला य = −क्ष² दिलं. कमान आली, पण बारीक, आणि टोक आरंभबिंदूवर. त्याला ती वर हवी होती, म्हणून ४ मिळवले. रुंद हवी होती, तेव्हा क्ष² च्या आधी २ लावून पाहिला, तर ती आणखी आवळली. मग १/२, मग १/४. य = −क्ष²/४ + ४ वर तो थांबला, कारण कमानीचे पाय बरोबर −४ आणि ४ वर टेकले. मी फळ्यावर लिहिलं: −क्ष²/४ + ४ = ०, सोडव. त्याने सोडवलं आणि म्हणाला, "मॅडम, मुळं म्हणजे कमानीचे पाय." हे वाक्य मी कधी शिकवलं नव्हतं.

पुढची कमान उजवीकडे ९ घरं सरकवायची होती (८ घरांची कमान आणि १ घराचा खांब). त्याने कंसात (क्ष + ९) लिहिलं आणि कमान डावीकडे गेली. ही चूक दरवर्षी जवळपास प्रत्येक जण करतो, आणि मी आधी सांगून ती टाळत नाही. त्या मुलाने दोन दिवसांनी मित्राला दिलेलं उत्तर असं: "कंस शून्य झाला की टोक येतं. क्ष + ९ शून्य व्हायला क्ष ला −९ वर जावं लागतं." मग ०, ९, १८, २७ अशी टोकं ओळीने आली, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ही तर अंकगणिती श्रेढी!"

दुसरा प्रसंग एका मुलीचा. डोंगर काढताना एक उतार य = २क्ष − ३ होता आणि दुसरा य = −क्ष + ५. शिखरावर दोन्ही रेघा थांबवायच्या होत्या. (डेस्मॉसमध्ये समीकरणापुढे महिरपी कंसात क्ष ची मर्यादा लिहिली की रेघ तेवढीच उरते.) तिने अंदाजाने २.६ ठेवलं. डावी रेघ २.२ उंचीवर संपली, उजवी २.४ वरून सुरू झाली, शिखराला फट. २.७ केलं, तर फट उलटी. २.६५, २.६८ करत राहिली, दर वेळी चित्र मोठं करून बघायची आणि फट असायचीच. शेवटी वही काढली, य चा लोप केला: ३क्ष = ८, क्ष = ८/३. ते टाकल्यावर कितीही मोठं केलं तरी फट नाही. एकसामायिक समीकरणं कशासाठी सोडवायची याचं इतकं नेमकं उत्तर मला पंधरा वर्षांत देता आलं नव्हतं.

एक चूक माझ्याकडूनही झाली. पहिल्या वर्षी "जितकी समीकरणं जास्त तितके गुण जास्त" असं ठेवलं. मुलांनी शंभर-शंभर आडव्या-उभ्या रेघांची घरं काढली. समीकरणं ढीगभर, विचार थोडा. आता अट वेगळी आहे: किमान एक अन्वस्त (वरच्या कमानीसारखा वक्र), केवलमूल्याचा एक आलेख (य = |क्ष| चा तो टोकदार आकार), आणि किमान दोन छेदनबिंदू वहीत सोडवून काढलेले. चित्र सुंदर असण्याला गुण नाहीत. बोट ठेवीन ते समीकरण समजावून सांगण्याला आहेत.

तुमच्यापैकी कुणी असं काही केलं आहे का? मूल्यमापन कसं करता? आणि संगणक अपुरे असतील तर काय करता?

---

अजिंक्यतारा | रविवार, दुपारी १२:०२

मॅडम, मनापासून लिहिलं आहे, म्हणून मीही मनातलं लिहितो. मी साताऱ्यात दहावीचे क्लासेस घेतो, त्याआधी काही वर्षं शाळेत होतो. बोर्डात बीजगणित ४० गुणांचं आणि भूमिती ४० गुणांची. रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी एवढं सगळं संपवून उजळणी करायची असते. पंचेचाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एका मुलाला दोन दिवस कंसातल्या चिन्हावर घालवू द्यायचे हे मला परवडणारं वाटत नाही. शिवाय अन्वस्त, वर्तुळाचं समीकरण हे अकरावीचं. आत्ता दिलं तर हुशार मुलं पुढे जातील आणि बाकीची आणखी बुजतील, ही माझी खरी काळजी आहे.

---

पालक_विश्रामबाग | रविवार, दुपारी १:३०

आमची मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेत असं काही होत नाही. पण हे वाचून काल संध्याकाळी तिच्याबरोबर बसलो... म्हणजे आज सकाळीच, धागा वाचल्यावर लगेच. एक विचारायचं होतं. नेटवर तयार चित्रांची समीकरणं मिळतात, ती मुलं उतरवत नाहीत का? माझ्या मुलीला पाच मिनिटांत फुलपाखराची समीकरणं सापडली.

---

मिरजेची_लेक | रविवार, दुपारी ४:४८

ताई, मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत माझं लहानपण गेलं, आणि आता मीही शिक्षिका आहे. तुमचा धागा वाचून राहवलं नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाला तंबोरा काढायचा होता. त्याच्या घरी तेच काम चालतं. भोपळ्याला वर्तुळ. दहावीत अंतराचं सूत्र असतंच, केंद्रापासून प्रत्येक बिंदू सारख्या अंतरावर एवढं लिहून दोन्ही बाजूंचा वर्ग केला की वर्तुळाचं समीकरण मुलं स्वतः मिळवतात, अकरावीची वाट बघावी लागत नाही. चार तारांसाठी त्याने एकच चढ आणि चार वेगवेगळे स्थिरांक घेतले. पण तंबोरा तिरका दिसत होता. त्याला तो उभा हवा होता, वाजवणाऱ्याच्या खांद्याला टेकतो तसा. म्हणून त्याने चढ वाढवला. १०. मग १००. मग १०००. पडद्यावर उभा दिसला की तो खूश व्हायचा, तारेच्या दोन्ही टोकांचे क्ष ताडून पाहिले की पुन्हा किंचित कललेला. बराच वेळ झटून तो माझ्याकडे आला: "बाई, कुठलाच आकडा पुरत नाही."

'उभ्या रेषेचा चढ निश्चित करता येत नाही' हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. त्याने ते हाताने अनुभवलं. मग क्ष = २, क्ष = २.५ असं लिहायला सांगितलं आणि तारा उभ्या राहिल्या.

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:२०

@मिरजेची_लेक, "कुठलाच आकडा पुरत नाही" हे उद्या वर्गात सांगणार आहे. परवानगी असेल ना?

@पालक_विश्रामबाग, उतरवतात. त्यावर दोन गोष्टी करते. एक, समीकरणांची अदलाबदल. तुमच्या मुलीने फक्त समीकरणं आणि मर्यादा कागदावर लिहून मैत्रिणीला द्यायच्या, चित्र दाखवायचं नाही. मैत्रिणीने ते आलेख कागदावर काढायचं. यात दोघींचंही खरं-खोटं कळतं. दुसरी, तोंडी परीक्षेत मी बदल मागते: "ही कमान दोन घरं खाली आण, पण पाय होते तिथेच राहू दे." −क्ष²/४ + ४ मधला ४ बदलून २ केला की पाय आत सरकतात, म्हणून सहगुणकही १/८ करावा लागतो. नेटवरून आणलेल्या समीकरणात हे जमत नाही, आणि स्वतःच्या समीकरणात मुलं हसत हसत करतात.

@अजिंक्यतारा सर, तुमची काळजी खोटी नाही. मी वर्षभर हे करत नाही. दहावीला सहा तास, त्यातले दोन वर्गसमीकरणाच्या धड्यातूनच काढते. कारण सांगते.

मागच्या वर्षी पुलाच्या चित्रात एका मुलीने पाणी काढलं. आमच्याकडे पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी किती फूट हा घराघरातला प्रश्न असतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आत्ता दहावीत असलेली मुलं तेव्हा लहान होती, पण कुणाच्या घरात कुठपर्यंत पाणी होतं हे भिंतीवर हात ठेवून सांगतात. त्या मुलीने य = ४०, य = ४५ आणि य = ५७ अशा तीन आडव्या रेघा वेगवेगळ्या रंगांत काढल्या. 'क्ष-अक्षाला समांतर रेषा' हा नववीतला सगळ्यात कोरडा भाग. त्या दिवशी वर्ग त्या तीन रेघांकडे बघत शांत बसला होता.

मग तिनेच विचारलं, "कमानीत पाणी कुठपर्यंत दिसेल?" म्हणून आमच्या छोट्या कमानीवर परत आलो. पाणी ३ उंचीवर असेल तर −क्ष²/४ + ४ = ३, म्हणजे क्ष² = ४, पाणी कमानीला −२ आणि २ वर टेकतं. पाणी ४ वर आलं, तर क्ष² = ०, दोन्ही बिंदू मिळून एकच होतात, पाणी कमानीच्या टोकाला लागतं. पाणी ५ वर गेलं, तर क्ष² = −४. छेदनबिंदू नाही. कमान बुडाली.

विवेचक (वर्गसमीकरणाची मुळं कशी असतील ते सांगणारी राशी) शून्यापेक्षा मोठा, शून्य, शून्यापेक्षा लहान. मुळं वास्तव आणि असमान, वास्तव आणि समान, वास्तव मुळं नाहीत. तीनही प्रकार एका पुराच्या पाण्यात, आणि हे बोर्डाला लागतं, सर. मी त्या वर्गाला हा भाग पुन्हा शिकवला नाही, नुसती उदाहरणं सोडवून घेतली.

---

स्थापत्य | रविवार, रात्री १०:५५

मी स्थापत्य अभियंता आहे, मूळचा सांगलीचा. कमानीचा प्रसंग फार आवडला. एक तांत्रिक भर घालतो. दगडी पुलांच्या कमानी बहुधा वर्तुळाच्या तुकड्याच्या असतात, अन्वस्ताच्या नाहीत. गवंड्याला दोरी आणि खुंटी घेऊन वर्तुळ आखणं सोपं. अन्वस्त कमान आडव्या लांबीवर सारखा भार असेल तेव्हा सोयीची, काँक्रीटच्या काळात ती जास्त दिसते. सैल लोंबणारी साखळी अन्वस्तासारखी वाटते, पण तीही अन्वस्त नाही, तिचा वक्र वेगळाच.

हे मुलांना ताडून बघता येईल. पुलाचा अगदी समोरून काढलेला फोटो घ्या. डेस्मॉसमध्ये फोटो मागे ठेवता येतो. समजा ८ घरं रुंद, ४ घरं उंच अशी कमान आहे. अन्वस्त असेल तर क्ष = २ वर उंची ३ येते. ४ त्रिज्येचं अर्धवर्तुळ असेल तर वर्गमूळ १२, साधारण ३.४६. जवळजवळ अर्ध्या घराचा फरक, डोळ्यांना दिसतो. पुलाखालचं खरं माप कुठल्या बाजूला झुकतं ते मुलांनाच शोधू द्या.

---

वर्णमाला | सोमवार, सकाळी ७:१०

संस्कृतचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवतो. आपल्याकडच्या जुन्या बीजगणितात अज्ञात राशींना रंगांची नावं होती. पहिली अज्ञात राशी 'यावत्-तावत्', आणि पुढच्या 'कालक', 'नीलक', 'पीतक', 'लोहितक'. काळा, निळा, पिवळा, तांबडा. लिहिताना आद्याक्षरं: या, का, नी, पी, लो. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'बीजगणित' ग्रंथात ही पद्धत आहे, त्यांच्या आधी ब्रह्मगुप्तांनीही सातव्या शतकात अज्ञातांना 'वर्ण'च म्हटलं. वर्ण म्हणजे अक्षरही आणि रंगही. समीकरण वक्राच्या रूपात बघण्याची रीत मात्र युरोपात सतराव्या शतकात, देकार्त आणि फर्मा यांच्यामुळे रुजली. देकार्तचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ चा.

तुमच्या वर्गात प्रत्येक समीकरणाला वेगळा रंग असेलच. मुलांना हे जरूर सांगा.

---

रांगोळी_नऊ_ते_पाच | सोमवार, सकाळी ११:३५

मी शिक्षिका नाही, गणिताशी संबंध शाळेपुरता. पण रांगोळी रोज काढते. माझ्या भाचीला ठिपक्यांची रांगोळी समीकरणात बसवून दिली, ते सांगते.

चौकोनी ठिपके सोपे, सगळे पूर्णांकांवर पडतात. नऊ ते पाच मधोमध ठिपके घेतले तेव्हा अडलो. ५, ६, ७, ८, ९, ८, ७, ६, ५, एकूण ६१ ठिपके. पाचाची ओळ −२ पासून २ पर्यंत, पण सहाची −२.५ पासून २.५ पर्यंत, कारण पाचाच्या ओळीतला प्रत्येक ठिपका सहाच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. ओळींतलं अंतर १ धरलं तर तिरक्या सगळ्या रेघांचा चढ २ किंवा −२ येतो. बाजूला अर्धं घर, वर एक घर. भाचीने हे स्वतः मोजलं.

मात्र रांगोळी उंचच उंच, ताणल्यासारखी दिसत होती. हाताने काढताना मी ओळी जरा जवळ घेते, ते कधी लक्षातच आलं नव्हतं. किती जवळ घ्यायच्या?

---

मिरजेची_लेक | सोमवार, दुपारी २:०५

@रांगोळी_नऊ_ते_पाच, किती सुंदर प्रश्न आहे हा, ताई. तीन शेजारच्या ठिपक्यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. बाजू १, तर उंची ३ चं वर्गमूळ भागिले २, म्हणजे साधारण ०.८७. ओळींत एवढं अंतर ठेवा. मग तिरक्या रेघेचा चढ ३ चं वर्गमूळ येतो, आणि तेच टॅन ६०°. भाची त्रिकोणमिती शिकायला लागली की कोष्टकात तिला ही किंमत भेटेल. तेव्हा तिला रांगोळी आठवेल.

---

चित्रकलेचा_तास | सोमवार, सायंकाळी ६:३०

कलाशिक्षक आहे, सातारा जिल्हा. एकच सूचना. सुरुवातीला मुलांना संगणकावर बसवू नका. आधी कागदावर साधं रेखाटन करू द्या, आणि त्यात कुठे सरळ रेघ, कुठे कमान, कुठे टोक हे खुणा करून घ्या. थेट पडद्यावर बसलेली मुलं जे समीकरण येतं त्याचं चित्र करतात. आधी चित्र ठरलं असेल तर हव्या त्या रेघेसाठी समीकरण शोधावं लागतं, आणि कृष्णाकाठ ताईंनी सांगितलेली सगळी धडपड त्या शोधण्यात आहे. संगणक कमी असण्याची अडचणही यामुळे निम्मी होते. −क्ष²/४ + ४ साठी क्ष च्या −४, −२, ०, २, ४ अशा किमती घेतल्या तर य च्या ०, ३, ४, ३, ० येतात. पाच बिंदू, हाताने मऊ वळण. कागद पुरतो.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:४५

@चित्रकलेचा_तास सर, पुढच्या आठवड्यापासून हाच क्रम ठेवते. @स्थापत्य, शनिवारी वर्ग घेऊन पुलाखाली जायचं ठरवलं आहे, पाणी कमी आहे तोवर. @वर्णमाला, आज फळ्यावर या, का, नी, पी, लो लिहिलं. एका मुलाने लगेच विचारलं, "मग दोन निळ्यांचा गुणाकार काय?" मी म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, "निळ्याचा वर्ग."

---

अजिंक्यतारा | पुढचा रविवार, सायंकाळी ५:१०

मॅडम, पुराच्या पाण्याचं उदाहरण मी बुधवारी क्लासमध्ये घेतलं. विवेचकाचे तीन प्रकार दरवर्षी दोन तास घेतो, या वेळी एका तासात झाले, आणि नेहमी गप्प बसणारी दोन मुलं फळ्याशी आली. बुजतील असं मी वर लिहिलं होतं, तो अंदाज निदान त्या तासाला चुकला. वेळेचं गणित मला अजून सुटलेलं नाही, ते मी बाजूला ठेवत नाही.

आज सुट्टी होती म्हणून मुलांना साताऱ्याजवळच्या लिंब गावी बारामोटेच्या विहिरीवर नेलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, अष्टकोनी, ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची. तिथेच काठावर बसून वरून दिसणारा आकार समीकरणात मांडला. समोरासमोरच्या बाजूंतलं अंतर ५० फूट धरलं, तर चार बाजू क्ष = ±२५ आणि य = ±२५. तिरक्या चार बाजूंसाठी मुलं अडली. मग तुमचं केवलमूल्य आठवलं: |क्ष| + |य| = २५ गुणिले २ चं वर्गमूळ, साधारण ३५.३६. चारही तिरक्या बाजू एका समीकरणात. कोपरे २५ आणि १०.३६ वर, म्हणजे एक बाजू जवळपास २०.७ फूट.

आता प्रश्न. एका मुलीला विहिरीत उतरणाऱ्या पायऱ्या काढायच्या आहेत. प्रत्येक पायरीला वेगळं समीकरण लिहायचं तिच्या जिवावर आलं आहे. एकाच समीकरणात पायऱ्या येतात का?

---

कृष्णाकाठ | पुढचा रविवार, रात्री ८:३०

येतात, सर. एखाद्या संख्येइतका किंवा तिच्याहून लहान असा सगळ्यात मोठा पूर्णांक घ्यायचा: २.७ चा २, ३ चा ३. डेस्मॉसमध्ये त्याला फ्लोर म्हणतात. य = −फ्लोर(क्ष) लिहून बघायला सांगा, पायऱ्या खाली उतरत जातील. काय झालं ते इथे जरूर कळवा.

---

अजिंक्यतारा | सोमवार, रात्री १०:०५

पायऱ्या उतरल्या. पण फक्त आडव्या रेघा आल्या, पायरीचे उभे भाग नाहीत. तिला वाटलं काहीतरी चुकलं. मी काही बोलायच्या आत तिच्या शेजारचा म्हणाला, "उभी रेघ यात येणारच नाही. एका क्ष ला एकच य मिळतो ना." मग मी त्यांना मिरजेच्या तंबोऱ्याची गोष्ट सांगितली. तिने उभ्या भागांसाठी क्ष = १, क्ष = २, क्ष = ३ लिहिलं, प्रत्येकाला य ची मर्यादा घातली. अकरा पायऱ्या झाल्या आहेत. उद्या उरलेल्या करणार आहे म्हणते.